नमुना आठ

ग्रामपंचायतीच्या कागदावर घर म्हणजे
पाचशे चाळीस चौरस फूट,
अर्धं स्लॅब, अर्धं कवेलू,
नळ एक, संडास एक,
मालक : निर्गुणा देवराव वाढई.
कागदात बिजागऱ्या नसतात.

बिजागऱ्यांना मी मशीनचंच तेल सोडते,
ज्या तेलावर गावाचे ब्लाउज शिवते त्यातलं थेंबभर.
मागचं दार तरीही रात्री
कुणाला तरी हळूच बोलावतं.

एप्रिलात कूलर.
टाकीच्या तळाला मिठासारखा थर,
तो खरवडायचा मोडक्या कलथ्याने.
जुन्या ताट्या जाळीतून ओढल्या
की गेल्या उन्हाळ्यातल्या सगळ्या दुपारी
अंगणात भुसा होऊन पडतात.
यंदा पंपात सरडा निघाला, वाळून पापड झालेला.
देवराव म्हणाले, "चालू होता न पंप?"
त्यांचं असंच. चालतं ते चालतं.
बंद पडेल त्या दिवशी बघू,
आणि त्या दिवशी नेमकी त्यांना हिंगणघाटला पाळी असते.

चौकटीवर उधई चढते,
मातीची एक बारीक नस, कालपर्यंत नव्हती.
नखाने फोडली तर आत पांढरी वर्दळ,
रेशनच्या रांगेसारखी, पण न भांडणारी.
त्यांच्या कामाचा मला थोडा हेवाच वाटतो.
मग जळकं ऑइल आणते बबलूच्या गॅरेजातून
आणि फडकं फिरवते.

मे संपता संपता कवेलू फेरायचे.
वानरं चिंचेवरून टोळीने येतात,
एका उडीत सात कवेलू,
वर वळून बघतातही, किती फुटले.
देवरावांना दुसऱ्याच पायरीवर घेरी येते,
म्हणून ते शिडी धरतात, मी चढते.
शकुनाबाई रस्त्यावरून थांबून विचारते,
"काहून वो, माणूस नाही का घरी?"
"हाये न. शिडी धरून हाये."

वर ऊन असतं, आणि मी असते.
एका कवेलूवर कुंभाराची तीन बोटं उमटलेली,
ओली असताना उचललं असेल घाईने.
तिसऱ्या ओळीत, धुराड्याच्या डावीकडे.
दरवर्षी काढते, पुसते,
माझी बोटं त्यात बसवून बघते, बसत नाहीत,
परत तिथेच ठेवते.

राहिली भेग.
आतल्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे गेलेली.
पहिल्या वर्षी सिमेंट भरलं,
पुढच्या उन्हाळ्यात ती हातभर सरकून उघडली.
दुसऱ्या वर्षी रंग दिला. तिसऱ्या वर्षी कॅलेंडर लावलं.
चौथ्या वर्षी उद्धव नन्नावरेला बोलावलं,
गवंडी माणूस, थापीच्या दांड्याने भिंत ठोकून ऐकणारा.
बराच वेळ ऐकलं त्यानं.
मग म्हणाला, "बाई, हे काळी माती होय.
उन्हात सुकते, पाण्यात फुगते.
इथून बांधसान तिले, तं तिकडून निंघन.
चुना भरा नरम, अन् राहू द्या थोडी."
चहा घेतला, पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून भेगेच्या दोन्ही काठांवर
पेन्सिलीची एकेक रेघ आहे.
वैशाखात दोघींमध्ये माझं बोट जातं.
लाइटबिल, गॅसची चिठ्ठी, टेलरिंगच्या मापांचे कागद,
सगळं तिथेच खोवते.
देवराव म्हणतात, भिंतीला कप्पा फुकट मिळाला.

आज भाद्रपदात घरपट्टी भरून आले,
सातशे दहा, दंडाशिवाय.
पावती ठेवायला गेले तर जागाच नव्हती,
दोन्ही रेघा एकमेकींना टेकल्या होत्या.
जरा वेळ तशीच उभी राहिले
तळहात भिंतीला लावून.
ओली नव्हती. थंड होती.

मग पावती खिळ्याला टोचली.
खिळा हलतोय.