खालचा आवाज

माझ्या ओळीखाली शब्द नाहीत.
वरच्या ओळीला सगळं आहे: डोळे, बाण, पोळलेलं काळीज,
मे महिना, निर्दय बाई.
मला फक्त चौकोनी सूर, एकमेकांना चिकटलेले,
आणि त्यांच्यावर एकच 'आ'.

हेक्सममधला मेथडिस्ट हॉल. गुरुवार, साडेसात.
रेडिएटर ठोके देतो, तेही भलत्याच मात्रेला.
थर्लवेल फिडलच्या आतड्याच्या तारा पिळत बसतो.
ओल आली की त्या उतरतात,
मग तो टाइन नदीला शिव्या देतो, अगदी नाव घेऊन.

साडेसहाशे वर्षांपूर्वीचं गाणं, फ्लॉरेन्सकडचं असावं.
करणाऱ्याचं नाव कागदावर नाही.
तिचं आहे, पण उघड नाही:
अर्धं एका शब्दाच्या शेपटीत, अर्धं पुढच्याच्या तोंडात,
मध्ये स्वल्पविरामाएवढा श्वास.
भर दिवाणखान्यात गायचे म्हणे,
आणि नवरा शेजारी बसून मान डोलवायचा.

आमच्याकडे उलटं.
मांडवात घेरून म्हणायच्या, नाव घे, नाव घे,
मग चांदीच्या ताटात, जाईच्या वेलात
कुठेही बसवून ते मोठ्यांदा घ्यायचं.
माझं घेताना ती अडखळली होती. सगळे हसले होते.
ती आता लेस्टरला असते, भावाकडे.

दिवसा मी डोळे तपासतो.
अंधार करतो, भिंग बदलतो, विचारतो:
हे बरं दिसतं, की हे? पहिलं, की दुसरं?
वरचा आवाज ऑक्टोबरात येऊन त्या खुर्चीत बसला.
हनुवटी टेकवा. कपाळ पुढे. पापणी मिटू नका.
उजवा उणे सव्वादोन, डावा उणे पावणेतीन,
डाव्या बुबुळात, घड्याळात सात वाजतात तिथे,
एक तपकिरी ठिपका.
बाण वगैरे काही दिसला नाही. मी नीट पाहिलं.
दोनदा पाहिलं.

चाल दोनदा येते.
पहिल्यांदा शेवट उघडा ठेवायचा,
सूर उंबऱ्यावर थांबतो, जोडे न काढता.
दुसऱ्यांदा बंद.
तीच चाल, तेच श्वास, फरक फक्त दाराचा.
पहिलं, की दुसरं?
मला दर वेळी पहिलंच बरं दिसतं,
आणि थर्लवेल गज उगारून ओरडतो, टेनर, मिटवा आता!

साडेनऊला तिचा नवरा गाडी घेऊन येतो,
काच खाली करून हात करतो. भला माणूस.
वाचायचा चष्मा, अधिक दोन, मीच दिलाय.
आज काय गायलात, विचारतो.
जुनंच काहीतरी, मी म्हणतो, डोळ्यांबद्दल.
म्हणजे तुमच्याच धंद्यातलं, म्हणून तो हसतो,
आणि तीही, सीटबेल्ट शोधता शोधता.

खुर्च्या मी रचतो. बिस्किटांचा डबा, दिवे, किल्ली.
रिकाम्या हॉलमध्ये खालची ओळ एकदा पुन्हा म्हणतो,
आणि आज तिच्यात मराठी शब्द बसतात, पाच-सहा,
कुणी ऐकलेच तर झोपेतलं बोलणं वाटावं असे:
स्वरांनो, रात्र झाली, आता घरी जा.

बाकी माझ्या ओळीखाली शब्द नाहीत.
दार ओलीने फुगलंय.
लावायला जरा जोर लागतो.