मोहरी

बर्फाच्या कारखान्यात जनरेटर होता,
म्हणून टीव्हीही तिथेच.
अख्ख्या हर्णैची लाइट गेली तरी
मंगळवारी साडेआठला
वकीलबाईंची केस थांबायची नाही.
आम्ही भुशाच्या पोत्यांवर बसायचो.
खालून गारठा, दारातून सुकटीचा वास.

पडदा काळापांढरा. खारा वारा अँटेना फिरवायचा
आणि वकीलबाईंच्या तोंडावर मुंग्या चढायच्या.
त्या मुंग्यांतूनच अब्बा माप घ्यायचे:
बाही कोपराखाली दोन बोटं, बटणं तीन,
गळा बंद, कॉलरला किंचित टोक.

बुधवारी लिलाव उरकून
चंद्रभागा चोगले दुकानात,
पाटी पायरीवर ठेवून:
"मास्तर, तसाच शिवा.
पन रंग कंचा हो त्याचा?"

अब्बांच्या ओठांत टाचण्या.
त्या न काढताच म्हणाले, "निळा.
उधाणाला संध्याकाळची खाडी होते ना, तसला."
थाप नव्हती ती. त्यांना दिसला होता.

त्या वर्षी दापोलीच्या कापडवाल्याकडचा
निळा संपला.
जेटीवर जिकडे बघावं तिकडे वकीलबाई,
हातात सुरमई, भावावरून भांडताना
बाहीची तीन बटणं चमकवत.

काल मुदस्सरने फोनवर लावून दिली ती मालिका,
कुणीतरी पुसूनपासून चढवलेली, रंगीत.
केवढी फुलं त्या पडद्यांवर!
टेलिफोनला क्रोशाची टोपी.
नवऱ्याची कॉलर वल्ह्याएवढी.
कपबशी खाली ठेवायला अर्धं मिनिट,
आणि त्या अर्ध्या मिनिटात
घरात कुणालाच काही बोलायचं नाही.
"खाला, केवढं स्लो गं हे!"

मग त्या आल्या.
ब्लाउज मोहरीच्या रंगाचा.
मागे नेलं. पुन्हा लावलं.
मोहरीच.

दुकानातली शिलाई मशीन रात्री मी वाकळीने झाकते,
अब्बांच्या वेळच्या चिंध्यांची वाकळ.
तिच्यात तो निळा आहे, सोळा-सतरा तुकडे,
विटलाय, पण दुसरं काही म्हणता येणार नाही त्याला.
चंद्रभागाबाई अजून येतात,
पणतीच्या युनिफॉर्मची शिवण उसवली की.
सांगू का त्यांना?
नको बहुतेक.

मुदस्सर पुढे ढकलायला बोट उचलतो.
थांब रे, म्हणते,
आता ती मान वळवेल.
इथे आम्ही सगळे श्वास धरायचो,
जनरेटर सोडून.