मीटरखालचं झाड

बावीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
टॉवेल तपासले मी.
ट्यूबलाईटसमोर ताणून धरायचा,
सुटलेला धागा, तेलाचा डाग, चुकलेली किनार
दिसली की खडूची फुली,
आणि डावीकडं फेकायचा.
उजवीकडं काय काय गेलं
ते आता आठवत नाही.

तीच नजर घेऊन घरी बसले.
बाग म्हणजे काय,
भिंत आणि धुण्याचा दगड यांच्यामधली
अडीच फरश्यांची माती.
नर्सरीतून आणलेला गुलाब
पाचव्या दिवसाच्या पाण्याची वाट बघत काडी झालेला.
आणि लाईटच्या मीटरखाली
कुणी न लावलेलं,
खरकट्या पाण्यावर माजलेलं
गुडघाभर झाड.
पानं जराशी धोतऱ्यासारखी.
मनातल्या मनात फुली मारली.
रविवारी उपटायचं.

रविवारी नळ आला. राहिलं.

मग रीडिंगवाला आला, इरण्णा, मंद्रूपकडचा.
आकडे टिपायला वाकला
आणि वाकलेलाच राहिला.
"मावशी, एक घेऊ का?"
भाकरी तव्यावर होती, आतूनच म्हणाले, घे की.
बाहेर येऊन बघते तर
हा कागदी फुगे फाडतोय,
आतला पिवळा मणी काढून तोंडात टाकतोय,
भर उन्हात, डोळे मिटून,
गळ्यात ओळखपत्र.

"अरे, विष असलं म्हणजे?"
"गुप्पटे हण्णु आहे ओ.
हिरवं खायचं नाही, झाडाला ओढायचं नाही.
खाली पडलेलंच उचलायचं."
सात खाल्ली. मोजली मी.
सवय.
एकशे बारा युनिट, म्हणाला, आणि गेला.

त्या रात्री पंखा बघत पडले.
माझ्या दारात, माझ्या 'घे की'वर खाल्लेलं.
ऑफिसला फोन करावा का?
काय विचारणार?
तुमचा माणूस जिवंत आहे का?

सकाळी शेजारच्या भारतक्का येमूलना दाखवलं.
विड्या वळायचं सूप मांडीवरून उतरवून
त्यांनी एक हिरवा फुगा तोडला
आणि माझ्या कपाळावर आपटला.
फट्ट.
"बुड्डबुडमा!" म्हणाल्या, आणि हसता हसता खोकल्या.
"पण खाल्लंय का तुम्ही कधी?"
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"आवाज आठवतोय बाई.
चव नाही आठवत."

म्हणून नाही खाल्लं.
रोज झाडून काढताना दोन-चार फुगे
खराट्यापुढं टुणटुणत जायचे.
मी तेवढं फक्त मोजायचे.
दिवाळीचं सामान आणलं, फराळ झाला, संपला.
झाड वाळत गेलं.
टरफलांची जाळी झाली, इतकी बारीक
की उजेडात धरून बघितली एकदा,
एकही धागा चुकलेला नव्हता.

पुढच्या महिन्यात इरण्णा आला.
जिवंत. जरा जाडच झालेला.
आधी झाडाकडं बघितलं त्यानं, मग मीटरकडं,
मग माझ्याकडं.
"एकपण नाही?"
मी भाकरीचं पीठ झटकत राहिले.

काही बोलला नाही. गुडघ्यावर बसून
वाळक्या पानांत बोटं घातली,
दोन काढली,
दोन्ही माझ्या हातावर ठेवली.
एकशे चार, म्हणाला.

तो गल्लीच्या टोकाला वळल्यावर एक तोंडात टाकलं.
आधी आंबट.
मग गोड, थोडं टोमॅटोच्या अंगानं.
दाताखाली खसखशीएवढ्या बिया,
जिभेवर काहीतरी चिकट, बराच वेळ.
चांगलं आहे, असं मोठ्यानं म्हणावंसं वाटलं.
बावीस वर्षांत
चांगल्या टॉवेलला कुणी काही म्हणत नसे.

दुसरं खाल्लं नाही.
गुलाबाची काडी उपटली,
त्या भोकात ते ठेवलं, वरून माती लोटली,
तांब्याभर पाणी घातलं.

भारतक्का भिंतीवरून बघत होत्या.
"पुरतेस कशाला गं," म्हणाल्या,
"ते न लावताच येतंय."