मूस

विट्याच्या शाळेचा हॉल मिळाला दोन दिवस.
अण्णांच्या एकतीस फुटक्या मुशी
मी सुतळीनं टांगल्या,
खाली पसरला कुंभकोणमच्या गलाई दुकानातला केर.

लेंगऱ्याहून जीपभर माणसं आली.
"ह्यात बघायचं काय?" किसनतात्या म्हणाला,
आणि सवयीनं बोटाला थुंकी लावून
केर उचलला, उजेडात धरला.
"हाय. गुंजभर निघंल."

अण्णा चपला काढून दारातच उभे.
तेजाबानं नखं खाल्लेले हात जोडून
पुटपुटले: ओंड्रू, रेंडू, मूंड्रू…
देवापुढं त्यांना आकडेच सुचतात,
तेही तमिळ.
आई म्हणायची, सिद्धनाथाला समजतंय,
दुकानाच्या फळीवर तोही तिकडंच होता की.

शेवटच्या मुशीपाशी मात्र थांबले.
"ही माझी नव्हं. मुरुगेसनची.
भात्यावर होता पोरगा.
भाजला."
पाटीवर मी अण्णांचं नाव लिहिलं होतं.
त्यांनी ते तळहातानं पुसलं, खडू मागितला,
गोल गोल अक्षरं काढली
मला न येणारी.

किसनतात्यानं टोपी काढली
आणि मोठ्यानं वाचलं.