ओला खडू

वर्षातून चार वेळा मी या आडाशी येते.
पोलादी फितीच्या टोकाला दोन हात खडू घासते
आणि फीत अंधारात सोडते.
खडू जिथवर भिजून काळपटला, तिथवर पाणी.
वजाबाकी करायची, वहीत आकडा लिहायचा.
नोकरी म्हणाल तर एवढीच.

गंगावेशीतली कुंभार गल्ली.
कठड्यालगत वाळत ठेवलेले गणपती,
रंगाविना, डोळ्यांविना.
ईश्वरा वडणगेकर चाक न थांबवता विचारतात,
"काय म्हनतंय पानी?"
"सात मीटर चाळीस."
"खाली गेलं म्हना की."
मग थोडा वेळ फक्त चाकाचा आवाज.

पानाड्यानं त्यांच्या वडिलांना सांगितलं होतं,
हितं खालनं नदी जातीया, मनगटाएवढी.
मी म्हटलं, नदी नाही मामा.
वर माती, मग मुरूम, मग काळा कातळ,
कातळाला भेगा, आणि भेगांतून ते सरकतं
कुठे दिवसाला हातभर,
कुठे महिन्याला वीतभरसुद्धा नाही.
त्यांनी हात पुसले, माठावर टिचकी मारली,
"म्हंजे ह्येच की. माठाला घाम येतो, बरनीला येत न्हाई.
तुमचा कातळ कुटं माठ आसंल, कुटं बरनी."

कॉलेजात सच्छिद्रतेवर मी अकरा पानं लिहिली होती.

त्या वर्षी पंचगंगा गल्लीत आली,
कोरडे गणपती पुन्हा चिखल झाले.
घराघरांत पाणी आणि नळ कोरडे,
कारण नळाला पाणी चढवणारे पंपच बुडाले होते.
पूर ओसरल्यावर सगळ्यांना आड आठवला.
कुठून कुठून दोर निघाले.
मी फीत आणली नव्हती,
आणली होती एक बोटभर बाटली.
आडाचं पाणी भरून ती रात्रभर खिडकीत ठेवली.
सकाळी शाई.

शेवंताकाकू म्हणाल्या, "आगं, तळ दिसतोय बघ आरपार!"
काकू, जे दिसत नाही
त्याचाच पगार घेते मी.

उकळून प्या म्हटलं, औषध टाकलं, पुराला दोष दिला.
दोन महिन्यांनी बाटली परत काळी.
तेव्हा कुठे मी पावलं मोजली
आडापासून मागच्या तीनमजली घराच्या शोषखड्ड्यापर्यंत.
अकरा.

सांगावकर म्हणाले, "खड्डा माझ्या जागेत आहे. मोजणी करून घ्या."
वर तुमची भिंत आहे, साहेब.
खाली भिंत नाही.
हे मी म्हणाले नाही, घरी जाताना सुचलं.
तिथे फक्त पत्र दिलं, जावक क्रमांकासह.

मग त्यांची सूनच एका दुपारी बोलावून गेली.
माझ्याजवळ बिनविषारी हिरवा रंग होता,
तिने तो स्वतःच्या हाताने संडासात ओतला, वर चार बादल्या पाणी.
पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी गल्ली मला हसली.
तिसऱ्या दिवशी पहाटे
शेवंताकाकूंच्या घागरीत
हिरवं.
सांगावकर आले. घागरीत वाकून बघितलं.
ईश्वरामामा म्हणाले, "रंग झ्याक हाय. पुढल्या वर्साला शेल्याला वापरू."
कुणी हसलं नाही. मग सांगावकरच हसले, जरासे.

खड्डा बुजला, घर ड्रेनेजला जोडलं गेलं,
यात पाच महिने गेले. आणि तरीही
बाटली आणखी दोनदा काळी पडली,
कारण जमिनीत गेलेलं
आपल्या सांगण्यावरून परत फिरत नाही,
ते त्याच्या चालीनं, वीतवीत, संपतं.

काल ऑक्टोबरचं मोजमाप. चार मीटर दहा.
बाटली पर्समध्ये आहे, दोन दिवस झाले,
अजून पिवळसर.
मामांनी माठातलं पाणी दिलं, आडाचंच.
माझ्या बोटांना खडू, त्यांच्या बोटांना माती,
पेल्याला दोन्हींचे ठसे.
सवयीनं मी पेला उजेडाला धरला,
त्यात काही दिसणार नाही हे माहीत असून,
आणि प्याले.