अक्षराला पाच रुपये

भांडी बाजारात आमचं दुकान नाही,
दुसऱ्याच्या दुकानाची पायरी आहे.
पायरीवर पाट, पाटावर मी,
हातात विजेवरचा पेन, घर्रर्र करणारा.
वडील छिन्नीने घालायचे नावं, अक्षराला चार आणे.
आता पाच रुपये. काना, मात्रा, अनुस्वार फुकट.

चि. सौ. कां. अमुक हिस, आत्याकडून.
कै. तमुक यांच्या स्मरणार्थ.
लग्न आणि मरण यांच्या मधल्या माणसाचं नाव
पितळेवर फारसं कुणी घालत नाही.

काल भावाचा निहार येऊन बसला,
गंगापूर रोडहून सायकल मारत, कानटोपी न घालता.
म्हणाला, आत्या, मी उभयलैंगिक आहे.
मी ‘ज्येष्ठा’मधल्या ष्ठवर होते.
हात हलला नाही, तीस वर्षांची सवय.
म्हटलं, म्हणजे तुझा गोंधळ होतो?

गोंधळ नाही गं.
मुलगी आवडू शकते, मुलगाही.
एकाच वेळी नाही, एकाच मापाने नाही,
आणि आज मुलीबरोबर फिरलो म्हणून
दुसरं पुसलं जात नाही.

मग त्याने गिऱ्हाइकाची भांडी मांडली, विचारल्याशिवाय.
हा गडू म्हणजे मी स्वतः कोण, बाई की पुरुष की आणखी काही.
ते वेगळं.
ही तपेली म्हणजे शरीराला कोण हवंसं वाटतं.
आणि हे फुलपात्र
म्हणजे जीव कुणावर जडतो.
बहुतेकांचं शेवटचं दोन्ही एकाच भांड्यात मावतं,
म्हणून त्यांना वाटतं, भांडं एकच असतं.

आणि एखाद्याची तपेली
रिकामी असली तर?
मी विचारलं. सहजच विचारलं.
असते ना, तो म्हणाला. गळकी नव्हे. रिकामी.
त्यालाही शब्द आहे.

मी पेन बंद केला.

मालन बागूल. नाशिक रोडला प्रेसमध्ये होती.
शनिवारी सुटली की थेट गंगेवर यायची,
आम्ही बसायचो चणे खात, पाय पाण्यात.
तिच्या चपलेचा अंगठा मी दाभणाने शिवला होता.
ती उठू नये, एवढंच वाटायचं.
दिवे लागले तरी उठू नये.
त्यापुढचं काही वाटायचं नाही,
तिच्याबद्दल नाही, कुणाबद्दलच नाही,
म्हणून मी धरून चालले की हे ते नव्हेच.
मैत्रिण म्हटलं आणि माळ्यावर टाकलं.
तिची कळशी मीच घातली, धुळ्याला जाताना.
‘मालन’ लिहून थांबले.
तिची आई म्हणाली, पुढे जावयाचं घाल की.
घातलं. सात अक्षरं.

मला अकरा स्थळं आली.
अकरांना नाही म्हटल्यावर
थंड आहे म्हणाले, लाकूड आहे म्हणाले,
वडिलांना एकट्याला सोडवेना असं काकू म्हणायची,
ती त्यातल्या त्यात बरी.
नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
एका अनुस्वाराचा फरक,
आणि अनुस्वाराचे आम्ही पैसे घेत नाही.

तुझ्यासाठी शब्द घालू का, निहार म्हणाला,
आणि पेनाकडे हात नेला.
म्हटलं, पेन ठेव. आधी खडूने.
गिऱ्हाइकालाही आम्ही आधी खडूनेच दाखवतो,
बघून घ्या, बरोबर आहे ना, मग घालू.
पोचा पडलेल्या एका तांब्यावर त्याने लिहिलं.
अनुस्वार चुकून ‘गि’वर दिला होता.
तेवढा मी बोटाने पुसला, ‘लै’वर दिला.
बाकी तसंच ठेवलं.
अजून एक शब्द लागेल म्हणाला, फुलपात्रासाठी.
बघू म्हटलं. जागा आहे.

तेवढ्यात सिन्नरचा एक माणूस आला,
लेकीसाठी सहा ताटं, नाव घालून हवी होती.
तांब्याकडे बघत होता.
हे कुणाचं नाव, म्हणाला.
मी त्याला काही सांगितलं नाही.
सांगितलं असेल बहुतेक,
कारण ताटं बांधून घेताना त्याने विचारलं,
धुळ्यात कुठे असतात त्या?