गळतीचं बेट

साखरपेठेत आमच्या कारखान्यामागे
टाकीच्या पाइपातून तीन वर्षं पाणी झिरपायचं.
थेंब असा पडायचा नाही, भिंतीला सुटलेला घाम.
त्या घामावर नेचा उगवला.
वीतभर रुंद, दोन हात उंच,
आणि चहूकडे सोलापूर:
पत्रे, फुफाटा, चव्वेचाळीस अंश,
पाचव्या दिवशी सुटणारं नळाचं पाणी.

बेट म्हणजे पाण्यानं वेढलेली जमीन,
शाळेत घोकून घेतलं होतं.
हे उलटं होतं.

मी पत्ते टोचणारा. खेळायचे नव्हेत,
जेकार्डचे, पुठ्ठ्याचे.
चादरीवर मोर यायचा तर आधी पुठ्ठ्याला भोकं पडावी लागतात.
कुठला धागा उठेल, कुठला निजेल,
ते भोक सांगतं. नान्नांनी शिकवलं.
आता मुलगा तेच कॉम्प्युटरवर करतो
आणि मला दुपारी भिंतीकडे बघायला वेळ असतो.

म्हणून दिसलं
नेच्याच्या पानाला भोकं पडतायत. रांगेत.
पान उलटलं. पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी
आणि त्यावर ठिपक्यांच्याच रंगाची अळी,
एक ओळ संपवून दुसरीवर वळणारी,
घाई नाही, चूक नाही.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
हात माझ्याहून चांगला होता.

अंबुबाई म्हणाली, पुरुगु आहे, झाडून टाका.
आमच्या घरच्या तेलुगूत अळीला, किड्याला, सगळ्याला तेवढाच शब्द.
कॉलेजात शिकवणाऱ्या हिरेमठ मॅडमना फोटो दाखवला.
म्हणाल्या, पतंग होईल. ही नेच्यावरचीच,
दुसरं खाणार नाही.
मी मेथी ठेवून पाहिली, तुतीचं पान ठेवलं.
उपाशी राहिली.
आमच्यातही होते असे,
हातमागाशिवाय कशाचं न खाल्लेले.

मे महिन्यात शेठनी मैनोद्दीनला धाडलं.
त्यानं पाइप पाहिला, भिंत पाहिली.
'मामा, इत्ते पानी में तो पूरी गल्ली न्हा लेती थी.'
बरोबरच होतं.
त्याच गल्लीत माझी सून रात्री दोनला उठून घागरी लावते.
थांब म्हणायला तोंड उघडलं,
पण कुणासाठी थांब?
नावही माहीत नव्हतं.
अर्ध्या तासात गळती बंद.

पानं कडेनं वळली.
पाच अळ्या होत्या, मग तीन, मग एक.
प्यायच्या बाटलीतलं पाणी मी भिंतीवर ओतू लागलो,
झाकणाझाकणानं,
कुणी नसताना, चोरासारखा.
सून विचारायची, मामय्या, एवढी तहान?
मी हो म्हणायचो.

पंधरवड्यानं भेगेत एक रिकामं कवच.
आणि पतंग ट्यूबलाइटच्या पट्टीवर.
धुळीचा रंग, पंखावर फिक्या दोन रेघा,
मोर नाही, फूल नाही, काठ नाही.
असं डिझाइन कुठल्याच व्यापाऱ्यानं उचललं नसतं.
मी मात्र खूप वेळ मान वर करून उभा होतो,
किती पत्ते लागले असतील, मोजत.

मग माग सुरू झाले.
कापसाची पिंजर उडाली
आणि त्यात तो कुठला, कापूस कुठला,
मला कळेना.

दुसरा नेचा मला एकाच ठिकाणी आठवतो,
सिद्धेश्वराच्या तळ्यात, पाण्याला टेकलेल्या दगडांत.
ते बेट खरं, शाळेतल्यासारखं.
इथून चालत अर्धा तास.
रविवारी जाऊन बघीन म्हणतो.
त्याला पोचायला किती लागेल, कोण जाणे.
मधे दिवे फार आहेत.